कमकुवत प्यादं : घाई न करता घेरायचं कसं

दादर-परळच्या हॉलमधल्या रविवारच्या रॅपिड बुद्धिबळ स्पर्धांत (प्रत्येकाला १५ मिनिटं, दर चालीला १० सेकंद वाढीव) कमकुवत प्याद्यावरचे, म्हणजे ज्याला दुसरं प्यादं राखू शकत नाही अशा प्याद्यावरचे, बहुतेक डाव घाईनं हातातून सुटतात. प्यादं दिसलं की हात तिकडे जातो. माझा अनुभव असा, की ते पडलं नाही तरी चालतं. त्याच्या राखणीला समोरच्याचे दोन्ही हत्ती आणि वजीर जुंपले गेले की अर्धं काम झालं.

मी हे शिकलो ते क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारातून (यात पांढरा सी प्यादं डी५ वर बदलून घेतो). घरांची नावं अशी: ए ते एच या उभ्या रांगा, १ ते ८ या पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या. पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, डी४, ई३. काळ्याची ए७, बी७, सी६, डी५. वजिराच्या बाजूला (ए ते सी रांगांत) पांढऱ्याची दोन आणि काळ्याची तीन, तरी हल्ला पांढऱ्यानंच करायचा. याला मायनॉरिटी अटॅक, म्हणजे कमी प्याद्यांनी जास्तीवर हल्ला, म्हणतात. आधी हत्ती बी१ वर, मग बी४. काळ्यानं ए५ करून अडवलं तर पहिल्यांदा ए३. ए६ वर थांबला असेल तर ए४. मग बी५. मारामारी झाली की सी६ चं प्यादं अर्ध्या उघड्या सी फाईलवर (पांढऱ्याचं प्यादं नसलेल्या उभ्या रांगेत) एकटं मागे राहतं. डी५ पुढे निघून गेलेलं, बी७ आता नाहीच; म्हणजे राखण फक्त मोहऱ्यांची. काळ्यानं बी५ वर सी प्याद्यानंच मारलं, तर डी५ आणि बी७ अशी दोन गिऱ्हाइकं मिळतात.

इथून पुढची चाल लोक विसरतात: सी५ चं घर. ते ताब्यात नसेल तर काळा सी५ खेळून एका चालीत मोकळा होतो आणि आधीची सगळी मेहनत फुकट. घोडा ए४ वरून सी५ ला बसवायचा, मगच हत्ती सी१ आणि वजीर सी२ वर. नंतर मोजणी. हल्ला करणारे आणि राखणारे सारखे असतील तर तिथेच ढोसत बसू नये. दुसऱ्या बाजूला एच प्यादं पुढे काढावं. सी६ ला जुंपलेला हत्ती तिकडे वेळेवर पोचत नाही.

बिघडतं कुठे? काळ्याचा घोडा डी६ किंवा बी६ वरून सी४ ला आला की सी फाईलच बंद होते. म्हणून पांढऱ्या घरांवरचा उंट उगाच देऊन टाकू नये. ए फाईल उघडताना ती कोणाला मिळणार हेही पाहावं, नाहीतर काळ्याचा हत्ती तिथून आत शिरतो. आणि राजाकडे लक्ष हवं: घोडा ई४, हत्ती ई६ वरून जी६ किंवा एच६, हा काळ्याचा ठरलेला जबाब. एफ३ चा घोडा सी६ वरच्या हल्ल्याला न्यायचा मोह होतो, तो टाळावा.

एकट्या डी प्याद्याविरुद्ध (शेजारच्या रांगांत साथीचं प्यादं नसलेल्या) काय करावं याचा नमुना म्हणजे १९८१ च्या मेरानोतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला कोर्चनॉय-कार्पोव्ह नववा डाव. काळ्या बाजूनं तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्ह, पांढऱ्या बाजूनं आव्हानवीर कोर्चनॉय. त्यानं उंट आणि घोडे एकेक करून बदलून घेतले. २७ व्या चालीपर्यंत दोघांकडे वजीर आणि हत्तीच उरले. डी४ च्या पुढ्यात काळ्याचा हत्ती डी५ वर, मागे वजीर डी७, त्यामागे हत्ती डी८. आता काळ्याच्या ई५ ची धमकी, कारण डी४ चं प्यादं खिळलेलं: ते हललं तर मागचा डी१ चा हत्ती उघडा पडतो. ती थांबवायला कोर्चनॉयला ३० वी चाल एफ४ खेळावी लागली आणि राजाभोवतीची भिंत भगदाडली. तरीही ३५ व्या चालीला ई५ आलंच. ४३ व्या चालीला डाव संपला.

सरावासाठी मायनॉरिटी अटॅकची रचना अ‍ॅपवर मांडून इंजिनाविरुद्ध (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामविरुद्ध) पांढऱ्या बाजूनं खेळावी. बोरिवली-चर्चगेट प्रवासात एक डाव आरामात होतो, बसायला जागा मिळाली तर. इंजिन अर्ध्या प्याद्याचाही फायदा दाखवत नसलं तरी बिचकू नये. एकदा काळी बाजूही घ्यावी. पांढऱ्याच्या बी४ ला लगेच बी५ नं उत्तर देऊन घोडा बी६ मार्गे सी४ वर नेला, की पांढऱ्यानं ए४ वेळेत का खेळायला हवं होतं ते आपोआप उमगतं.