आमच्या मागीलदारची दरड आणि ‘क’ प्रत

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. त्याच पावसात आमच्या घरामागचा कडाही सुटला. न्हाणीची भिंत पडली, मागीलदारी कमरेएवढी माती आली आणि वरच्या हद्दीचा गडगा, म्हणजे दगड रचून घातलेला बांध, मातीबरोबर खाली आला. माणसं वाचली. गडग्याकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं. पुढचं सव्वा वर्ष मी त्या गडग्यापायी घालवलं आणि अजून माझा राग गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कडा सहा मीटर उंच, बारा मीटर लांब. वर जांभा, खाली शेडी, म्हणजे जांभ्याखालची मऊ चिकट माती. विहीर खणणाऱ्याला शेडी कशी असते ते सांगायला नको: कोरडी असेपर्यंत ताठ, पाणी प्यायली की लोणी. जांभ्यातून झिरपलेलं पाणी तिच्यावर येऊन थांबतं आणि वरचं ओझं तिला पेलवेनासं होतं. गावातले सगळे म्हणाले, दणकट भिंत घाल. पण भिंतीचा पाया खणायचा म्हणजे कड्याचा पायथा कापायचा, आणि उरलेला कडा त्या पायथ्यावरच उभा. रत्नागिरीहून आलेल्या इंजिनिअर बाईंनी सॉइल नेलिंग सुचवलं. उतारात किंचित खाली कललेली भोकं पाडायची, सळ्या घालून ग्राऊट, म्हणजे सिमेंट-पाण्याचा घोळ, भरायचं, वर जाळी लावून शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारायचं. कोकण रेल्वेच्या काही कटिंगांत सिमेंट मारलेले उतार आणि त्यांवर ओळीने प्लेटा दिसतात, ते हेच काम. सळ्या सहा मीटरच्या, दीड-दीड मीटरवर, एकूण बत्तीस.

मग त्यांनी विचारलं, “कड्याच्या वर तुमची जमीन किती आत जाते?”

मी म्हटलं, गडग्यापर्यंत. आणि गडगा तर मागीलदारी पडलेला.

अंदाजे अडीच मीटर आमचं, पुढे भावकीचा गट. म्हणजे प्रत्येक सळीचा अर्ध्याहून जास्त भाग दुसऱ्याच्या जमिनीखाली. हद्द कागदावर आणि वरच्यांची लेखी संमती, हे दोन्ही हातात आल्याशिवाय आराखड्यावर सही करणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. उद्या वरच्याने पाया खणताना आमची सळी कापली तर आमच्या डोक्यावरचा कडा सुटेल.

दिवाळीआधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्दीच्या अतितातडीच्या मोजणीची फी भरली. अर्ज घेणाऱ्या माणसाला मी तीनदा विचारलं, “वरच्या गटाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातले दोघे वारलेत. वारसांचे मुंबईचे पत्ते देऊ का?” तिन्ही वेळा उत्तर एकच, “गरज नाही, सातबाऱ्यावर नाव आहे त्याला नोटीस जाते.” जानेवारीची तारीख मिळाली. भूकरमापक आले, कड्याच्या वर उभे राहिले, फाईल उघडली आणि मिटली. दोन नोटिसा परत आल्या होत्या. मेलेल्या माणसांच्या नावच्या. हजर असलेल्या एका हिस्सेदाराने हरकत घेतली आणि मोजणी झाली नाही.

मी त्या कार्यालयाच्या नऊ खेपा घातल्या. पहाटेची एस.टी., दुपारपर्यंत बाकावर, “साहेब साइटवर गेलेत”, परत. घरी आई पुढच्या पडवीत झोपत होती, कारण मागची खोली आम्ही बंद केली होती. एकदा मी कड्याचे फोटो टेबलावर ठेवले. ते न पाहताच सांगितलं गेलं, “सगळ्यांचंच काम तातडीचं असतं.” त्या वाक्याने मला अजून झोप लागत नाही. आम्ही काही बांध कोरल्याची तक्रार घेऊन गेलो नव्हतो. घरावर कडा लटकत होता.

एप्रिलमध्ये दुसरी तारीख, या वेळी वारसांच्या पत्त्यांसकट. मोजणी दोन तासांत झाली. हद्दीच्या खुणा रोवल्या, आमचा अंदाज वीतभरच चुकला होता. पण मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी प्रत, हातात यायला मे संपला. मिरगाच्या तोंडावर कड्याला कोण हात लावणार? २०२२ चा अख्खा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. वरच्या भेगेत पाणी जाऊ नये म्हणून चिकणमाती ठासायची, रात्री बॅटरी घेऊन भेग रुंदावली का ते बघायचं.

म्हणून सांगते, अर्जाबरोबरच लगतच्या सगळ्या खातेदारांचे आणि वारसांचे पत्ते लेखी द्या आणि पोच घ्या. मोजणीच्या आठ दिवस आधी नोटिसा पोचल्या का, ते स्वतः जाऊन विचारा. कोणी “गरज नाही” म्हणालं तरी द्या.

संमतीपत्रांना मी घाबरले होते, पण ती माणसं समजूतदार निघाली. लालबागच्या काकू एवढंच म्हणाल्या, “आज खिळे घालशील, उद्या म्हणशील जमीनही माझीच.” त्यांची भीती खोटी नव्हती. मग कागदात लिहिलं की सळ्यांमुळे जमिनीवर आमचा कसलाही हक्क येत नाही. कोणती सळी किती खोल जाते त्याचा नकाशा जोडला, म्हणजे पुढे त्यांना घर बांधायचं झालं तर इंजिनिअरला कळेल. वरून वाहून येणारं पाणी कड्यावर न येता बाजूला जावं म्हणून त्यांच्या हद्दीत गटारही घालायचं होतं. त्यालाही त्याच कागदावर सह्या घेतल्या. गटार विसरू नका. सळ्या कितीही घाला, पाणी कड्यातच मुरत राहिलं तर उपयोग नाही.

डिसेंबरात काम सुरू झालं आणि महिन्याभरात संपलंसुद्धा. भोकं पाण्याने पाडू देऊ नका, शेडी भिजते. आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेवर पाडली. खालच्या दोन ओळींत भोकं ढासळत होती, तिथे पाइप घालत पुढे जावं लागलं. ग्राऊट भोकाच्या तोंडातून ओतायचं नाही, नळी तळापर्यंत घालून खालून वर भरत यायचं. पहिल्या दिवशी कामगार तोंडातूनच ओतत होते, मी थांबवलं. पन्नास किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी ठरलं होतं, म्हणून मी मापाची बादली तिथेच ठेवली आणि दुसरं भांडं उचलून नेलं. हिशेबाने एका भोकाला सव्वा गोण लागायला हवी. जांभ्यातल्या पोकळ्यांमुळे काही भोकांनी तीन-तीन खाल्ल्या, तेवढं सिमेंट जास्तीचं धरा.

एक राहिलं. बत्तीसांव्यतिरिक्त एक चाचणीची सळी आधी घालून, ग्राऊट पक्कं झाल्यावर जॅकने ओढून बघतात. ठेकेदार म्हणाला, आठ दिवस फुकट जातील. सव्वा वर्ष थांबलेल्या बाईला आठ दिवसांचं काय सांगता! ओढून बघितली. सळी हलली नाही, तेव्हा परांचीखाली उभी राहून मी रडले.

पहिल्या पावसात शॉटक्रीटवर केसाएवढ्या दोन रेषा आल्या आणि मी रात्री दहाला बाईंना फोन केला. त्यांनी समजावलं की या सळ्या आधी ताणून ठेवलेल्या नसतात, माती किंचित सरकली की मगच ताण घेतात. रेषांच्या टोकांना रंगाने तारीख घाला, पुढे सरकल्या तर कळवा. २०२३ च्या तारखेपुढे त्या गेलेल्या नाहीत. पाणी बाहेर पडायच्या पाइपांतून श्रावणभर नितळ पाणी येतं, त्यातला एखादा मुळ्यांनी तुंबतो, तो मी मे महिन्यात बांबूच्या कामटीने मोकळा करते. आईने मागची खोली परत घेतली आहे.