तुम्ही विचारलंत म्हणून : मोंग बाई आमदार कशी झाली?

सुट्टीत कराडला गेले की हा प्रश्न ठरलेला. कधी मामा विचारतात, कधी शाळेतली मैत्रीण. इकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातही गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी विषय काढतंच. "तुमच्या मिनेसोटात ते मोंग लोक अंगावरच्या कपड्यांनिशी आले. त्यांच्यातल्या बायका आमदार झाल्या, आता महापौर झाल्या. आपली माणसं शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली. मग आपलं कुणी का नाही?" कुणीतरी श्री ठाणेदारांचं नाव घेतं. खरं आहे, बेळगावात वाढलेले ठाणेदार मिशिगनच्या विधिमंडळात गेले आणि तिथून २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत. पण तेवढ्याने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि माझंही नाही. एका माणसाच्या कर्तबगारीबद्दल तो प्रश्न नसतोच. म्हणून एकदा नीट, मी पाहिलं तसं सांगते.

मोंग हे लाओसच्या डोंगरातले शेतकरी. १९६० नंतर अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने तिथे गुप्त युद्ध चालवलं, त्यात जनरल वांग पाओंच्या हाताखाली लढले ते मुख्यतः हेच. १९७५ मध्ये लाओस कम्युनिस्टांच्या ताब्यात गेलं आणि अमेरिकेची बाजू घेतलेल्यांच्या मागे सैन्य लागलं. लोक जंगलातून चालत, रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले. पुष्कळ जण नदीतच गेले. छावण्यांतून ते अमेरिकेत आले आणि पुढे नात्यागोत्याच्या ओढीने सेंट पॉलमध्ये गोळा झाले. आज एका शहरात सगळ्यात जास्त मोंग राहतात ते इथेच.

आम्ही १९९९ मध्ये आलो तेव्हा शहराच्या ईस्ट साइडला भाडं कमी होतं, म्हणून तिथे एका दोन बिऱ्हाडांच्या घरात वरचा मजला घेतला. खाली मोंग कुटुंब. नवरा बसने ऑफिसला जायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दिवसभर मी घरी आणि खालच्या आजी घरी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या परसात कोथिंबीर, मिरच्या, लेमनग्रास लावायच्या आणि जुडी करून जिन्यात ठेवून जायच्या.

चार वाजता त्यांची नात शाळेतून यायची. अकरा-बारा वर्षांची असेल. दप्तर टेकवलं की आधी टपाल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आजी-आजोबा बसलेले, आणि ही उभ्याने पाकीट फोडून वाचायची : काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचं पत्र, दवाखान्याचं बिल, घरमालकाची नोटीस. इंग्रजी वाचायचं, मनात अर्थ लावायचा, मोंगमध्ये सांगायचं, आजोबा काय म्हणतात ते ऐकायचं आणि फोन फिरवून पलीकडच्या बाईला मोठ्या माणसाच्या आवाजात सांगायचं. त्या वयात तिला 'एलिजिबिलिटी', म्हणजे मदतीसाठीची पात्रता, हा शब्द माहीत होता. मला माहीत नव्हता.

माझं उत्तर इथून सुरू होतं. ज्याला आपण धोरण म्हणतो ते या घरात पाकिटातून यायचं. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कल्याणकारी योजनांचा कायदा बदलला आणि नागरिक नसलेल्या अनेकांचे फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, आणि म्हातारपणाची मदत धोक्यात आली. कायद्याचा काही भाग नंतर मागे घेतला गेला, पण धसका राहिला. ज्यांनी या देशासाठी युद्ध केलं त्यांना कळलं की कागदावर ते कुणीच नाहीत. नागरिक व्हावं तर इंग्रजीत परीक्षा. मोंग भाषेला आज सर्रास वापरली जाणारी रोमन लिपी मिळाली तीच मुळी १९५० च्या दशकात. ऐन तारुण्य लढण्यात गेलेल्या माणसांनी साठीत इंग्रजी कुठून आणायचं?

सेंट पॉलचे काँग्रेसमन ब्रूस व्हेंटो यांनी हा धागा वर्षानुवर्षं सोडला नाही. मे २००० मध्ये कायदा झाला : मोंग सैनिकांना आणि त्यांच्या बायकांना इंग्रजीच्या अटीतून सूट, परीक्षा दुभाष्याच्या मदतीने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हेंटो वारले. मला विचाराल तर पहिल्या मोंग आमदाराची निवडणूक त्या कायद्याने अर्धी जिंकून ठेवली होती, कारण त्यातून मतदार तयार झाले. आमचे खालचे आजी-आजोबा त्यातलेच.

आता त्या बाईंबद्दल. त्यांचं नाव 'मी', आडनाव 'मुआ'. मराठीत घोटाळा होतो म्हणून मी त्यांना मुआबाई म्हणते. लाओसमध्ये जन्म, लहानपणी थायलंडची छावणी, मग विस्कॉन्सिनमधलं ॲपलटन. ब्राउन विद्यापीठात शिकल्या, टेक्सासमध्ये सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी घेतली, मिनेसोटात वकिली केली. राज्याच्या सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे सदस्य रँडी केली सेंट पॉलचे महापौर झाले, त्यांची जागा रिकामी झाली आणि जानेवारी २००२ मध्ये पोटनिवडणूक लागली. जानेवारी, आणि तीही मिनेसोटातली! दारोदार जाऊन हात जोडायचे तर हातमोज्यातली बोटंही बधिर होतात.

मतदानाच्या दिवशी गाडी माझ्याकडे होती म्हणून आजींना, आजोबांना आणि नातीला मी शाळेच्या जिममध्ये नेलं. मला मत नव्हतं, मी भिंतीशी उभी राहिले. इथे मत देण्याआधी मतदारयादीत सही करावी लागते. आजींनी आठवडाभर जुन्या पाकिटांच्या पाठीवर नाव गिरवलेलं मी पाहिलं होतं. त्या टेबलाशी वाकल्या, पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहायला लागल्या. मागे रांग वाढली. जाड कोटातला एक गोरा म्हातारा अगदी त्यांच्या पाठीशी होता. तो काही बोलला नाही, त्याने टोपी काढून हातात धरली. सही झाल्यावर आजींनी पेन टेबलावर सरळ ठेवलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या आजीने जन्मभर अंगठाच उठवला. त्या जिममध्ये मला तिची फार आठवण आली.

मुआबाई निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळातल्या त्या पहिल्या मोंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्रकार साय थाओ खालच्या सभागृहात गेले.

यावर नेहमीचा शेरा येतो, "त्यांची व्होट बँक आहे हो." आमच्या गावी ग्रामपंचायतीला भावकीची गणितं मांडतात, त्यामुळे हे म्हणणं मला समजतं. मोंगांची अठरा-एक कुळं आहेत, एका कुळात लग्न होत नाही, सगोत्रासारखंच. भावकी आहेच, आणि ती कामाला आली. पण त्या मतदारसंघात मोंग बहुसंख्य नव्हते. ईस्ट साइड ही जुन्या कामगारांची वस्ती. व्हर्लपूलचा कारखाना १९८४ मध्ये गेला, हॅम्सची ब्रुअरी १९९७ मध्ये बंद पडली. ज्या घरांतले पगार गेले त्या घरांतली मतंही लागत होती, आणि घरं, शाळा, दवाखाना याबद्दल बोलल्याशिवाय ती मिळणार नव्हती. फक्त आपल्या माणसांचं राजकारण केलं असतं तर मुआबाई सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्ष झाल्या नसत्या. त्या झाल्या, आणि २०११ पर्यंत सिनेटमध्ये राहिल्या.

काओली हर यांचा रस्ता मला जास्त जवळचा वाटतो. त्याही लाओसमध्ये जन्मलेल्या, लहानपणीच निर्वासित होऊन आलेल्या. आधी अर्थक्षेत्रात नोकरी, मग सेंट पॉलच्या शाळा मंडळाचं प्रशासकीय काम, मग महापौर मेल्विन कार्टर यांच्या कार्यालयात धोरणप्रमुख. २०१८ मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कार्टर यांनाच हरवून महापौर झाल्या, शहराच्या पहिल्या महिला महापौर. लोक हा शेवटचा निकाल तेवढा लक्षात ठेवतात. त्याआधीची वर्षं बघा : शाळेचं अंदाजपत्रक वाचणं, मसुद्यातला एक शब्द बदलला तर कुणाच्या घरी काय पोचेल याचा विचार करणं. माझ्या खालच्या मजल्यावरची मुलगी उभ्याने करायची तेच काम, मोठ्या टेबलावर.

मग आपलं कुणी का नाही? एक कारण सरळ कायद्याचं आहे आणि ते कुणी नाकारू नये. निर्वासिताला वर्षभरानंतर ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो, पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी. आपल्याकडे नोकरीच्या रांगेत ग्रीन कार्डलाच दहा-पंधरा वर्षं जातात, मी स्वतः २०१४ मध्ये नागरिक झाले. पण तेवढंच कारण असतं तर मी हे लिहिलं नसतं. आम्ही आलो तेव्हा परतीचा रस्ता उघडा ठेवून आलो. पुण्यात फ्लॅट, कराडला घर, मन दोन्हीकडे. खालच्या आजींना परतायला गाव उरलं नव्हतं, म्हणून हेच शहर त्यांनी घट्ट धरलं. आणि आमच्या घरी येणारं सरकारी पत्र आम्हाला वाचता यायचं. वाचून आम्ही आपलं काम करून घ्यायचो आणि दार लावायचो. शेजारच्याचं पत्र वाचायची वेळच आली नाही. हे मला फार उशिरा उमगलं आणि त्याची मला खंत आहे.

ती नात आता काउंटीच्या कार्यालयात आहे. लोकांना जाणारी पत्रं सोप्या भाषेत लिहिणं आणि ती मोंग, सोमाली, स्पॅनिशमध्ये नेणं हे तिचं काम. तिनेच मला सांगितलं की निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत पक्षाचे कॉकस, म्हणजे वस्तीपातळीवरच्या सभा भरतात, तिथे कुणीही ठराव मांडू शकतं.

म्हणून मी गेले. शाळेचा कॅफेटेरिया, मुलांच्या उंचीची बाकं, थर्मासमधली कॉफी. एका कागदावर चार ओळींचा ठराव लिहून नेला होता : मदत बंद करण्याचं कुठलंही पत्र त्या घरातल्या भाषेत गेलंच पाहिजे. वाचताना आवाज कापत होता. दोघांनी प्रश्न विचारले, एकीने एक शब्द बदलून दिला, मग हात वर झाले. नोंद घेणाऱ्या मुलाने मान वर न करता विचारलं, आडनावाचं स्पेलिंग काय. मी एकेक अक्षर सावकाश सांगत गेले.