कुर्त्सिओच का?

अस्सल इतिहासकार एवढे असताना मी कुर्त्सिओ इंगिरामीसारख्या लबाडाच्या मागे इतकी वर्षे का लागलो आहे, असे तुम्ही विचारलेत, आणि तुमच्याआधीही अनेकांनी विचारले आहे. तो लबाड होता, हे मला मान्यच आहे. १६३४ मध्ये इटलीतील व्होल्तेर्राजवळ, घराण्याच्या स्कोर्नेल्लो या वाडीत, केस, चिखल आणि डांबर यांचे काळे गोळे त्याला ‘सापडले’. ते फोडल्यावर कागद निघाले. रोमन उमराव कातिलिना याने इ.स.पूर्व पहिल्या शतकात केलेल्या बंडाच्या काळात, एका एट्रुस्कन (रोमनांच्याही आधीपासून त्या भागात राहणाऱ्या लोकांच्या) पुरोहिताने ते लिहून ठेवले, असे भासवलेले होते.

पूर्वी मी म्हणत असे, की एकोणीस वर्षांच्या पोराने केलेली ती गंमत होती. तो बचाव टिकत नाही. एट्रुस्कन लोक उजवीकडून डावीकडे लिहीत, हे मजकूर मात्र डावीकडून उजवीकडे आणि तेही कागदावर लिहिलेले आहेत, असे आक्षेप व्हॅटिकन ग्रंथालयातील लेओने अल्लाच्ची यांनी १६४० मध्ये छापून घेतले, तेव्हा कुर्त्सिओने १६४५ मध्ये हजारावर पानांचे उत्तर प्रसिद्ध केले. तिशीतला माणूस गमतीखातर एवढे लिहीत नाही. १४७२ मध्ये फ्लॉरेन्सच्या फौजेने व्होल्तेर्रा लुटले, आणि गमावलेला मान गावाला प्राचीनत्वातून परत मिळवायचा होता, असे मी अजूनही सांगतो. पण त्याने लबाडी धुऊन निघत नाही.

दुसरे कारण मी आजवर टाळले. पंचविशीत मी आमच्या गावच्या देवळाचा इतिहास लिहीत होतो. मोडीतल्या एका सनदेत शकाचा एक आकडा वाळवीने खाल्ला होता. भोकाच्या कडेला शाईचा जेमतेम एक शेंडा उरला होता, आणि तो दोन-तीन आकड्यांपैकी कशाचाही असू शकत होता. शेजारच्या गावचे देऊळ आमच्याहून जुने ठरू नये, म्हणून मी सोयीचा आकडा वाचला आणि लिप्यंतरात, वाचन संशयित असल्याचे दाखवणारा कंससुद्धा न घालता, लिहून टाकला. उत्सवात ते साल व्यासपीठावरून सांगितले गेले, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले. पुढे एका जाणकाराने शंका घेतली. त्या वेळी चूक कबूल करण्याऐवजी मी त्यांना त्या शेंड्याच्या वळणावर सात पानांचे टिपण पाठवले.

कुर्त्सिओची हजार पाने मी प्रथम उघडली, तेव्हा मला ती सात पाने आठवली. वडील आता नाहीत. ते साल देवळाच्या दारावरच्या फरशीत कोरलेले आहे, आणि ते बदला, असे मी अद्याप कोणाला सांगितलेले नाही.