जुना व्हीसीआर: आधी रबर, मग चित्र

फुनाई या जपानी कंपनीने 2016 साली उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणारं मशीन, मिळत नाही, तेव्हा जे घ्यायचं ते वापरलेलंच. ‘चालू आहे’ या शब्दावर जाऊ नका. बहुतेकदा त्याचा अर्थ समोरचे आकडे उजळतात एवढाच असतो.

गेली तरी चालेल अशी कॅसेट घेऊन पाहायची. तिच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर तीही नको, कारण ती ड्रमवर (टेप वाचणारे हेड बसवलेलं फिरतं नळकांडं) बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. पाच मिनिटं प्ले, मग स्टॉप, मग कॅसेट बाहेर. कसोटी या शेवटच्या पायरीवर. कॅसेटची चाकं फिरवणाऱ्या आयडलरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर चाकाला पकड राहत नाही, सैल टेप आत लोंबकळते आणि कॅसेटचं झाकण तिच्यावर मिटतं. टेप खाल्ली म्हणतात ती अशी. त्यानंतर अख्खी ई-180, म्हणजे तीन तासांची कॅसेट, रिवाइंड करून पाहा. मधेच दमली तर बेल्ट किंवा आयडलर. दोन्ही स्वस्तातली कामं.

टेप दाबून पुढे ओढणारा पिंच रोलर मात्र नीट बघा. तो कडक, चकचकीत झाला की टेप वरखाली सरकते आणि कड चुरगळते. खालच्या कडेला चित्राचा मेळ राखणारा कंट्रोल ट्रॅक असतो, तो गेला की ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, चित्र ठरत नाही. वरची कड चुरगळली तर त्या कडेवरचा साधा, म्हणजे हाय-फाय नसलेला, आवाज तुटतो.

आवाज स्वच्छ पण पडदाभर मुंग्या असतील तर घाबरू नका, व्हिडिओ हेड तुंबलेत. शामॉयच्या (मऊ चामड्याच्या) पट्टीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. पट्टी वरखाली अजिबात नको. कापसाच्या काड्यांचे धागे हेडच्या टोकात अडकतात, टोक तुटलं की खेळ संपला.

धुळीने माखलेलं मशीन परवडलं, पण आत तेलाचा स्प्रे मारलेलं नको. रबराचं वाटोळं झालेलं असतं.

सध्या टेबलावर असलेल्या चार हेडच्या, पाल या टीव्ही पद्धतीच्या मशीनचा बेल्ट आणि आयडलर बदलून झालेत. चित्र स्थिर, साधा आवाज ठीक, हाय-फाय अजून घरघरतो. तो आवाज फिरत्या ड्रमवरचेच हेड वाचतात, म्हणून संशय टेपला वाट दाखवणाऱ्या खुंट्यांच्या, म्हणजे टेप-गाइडच्या, उंचीवर. आधी मूळ जागेवर मार्करची खूण, मग कॅसेट चालू ठेवून पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचं, एका वेळी एकच गाइड.