छोटं बेट, दोन माणसं आणि एक पेटी

डेन्मार्कला राहायला आल्यापासून ओळखीच्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘तू तर लेगोच्या देशात राहतेस, आमच्या पोरांसाठी कुठला सेट घ्यावा?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीतरी भव्य असतं. तीन शिडांचं जहाज, भलामोठा किल्ला, दोन हातांत मावणार नाही असं खोकं. मी प्रत्येक वेळी उलट सुचवते. समुद्री चाच्यांचा सेट घ्या, पण लहान घ्या.

आमच्या घरी सध्या असाच एक आहे. शंभर-दीडशे तुकड्यांच्या आतला. वाळूच्या रंगाचं एक बेट, त्यावर एक माड, खडकाखाली दडवलेली खजिन्याची पेटी, एक होडी, एक तोफ, एक शार्क, एक चाचा आणि निळ्या डगल्याचा एक शिपाई. सेटचा क्रमांक मी मुद्दाम देत नाही. असे लहान सेट बाजारात फार टिकत नाहीत, वर्ष-दोन वर्षांत त्यांचं उत्पादन थांबतं आणि त्याच धर्तीचं दुसरं काहीतरी येतं. त्यामुळे खोक्यावरचं चित्र कसं वाचायचं, हे कळलं की तुमचं काम झालं.

आधी जोडणीबद्दल. सूचना-पुस्तिकेत एकही वाक्य नसतं, नुसती चित्रं. परक्या देशात आल्यावर पहिले काही महिने प्रत्येक कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. अशा दिवसांत सहा वर्षांची पोर पुस्तिका उघडते आणि कुणालाही न विचारता कामाला लागते, याचं मला फार अप्रूप वाटलं. व्हिडिओ कॉलवर आजोबांना पान दाखवलं तर तेही तिकडून सांगतात, ‘अगं, तो करडा तुकडा एक घर मागे लाव.’ भाषा कुठली, लिपी कुठली, काही आडवं येत नाही.

बेट साधं दिसतं, पण त्याचा उतार मन लावून केलेला आहे. लेगोची उभी वीट ९.६ मिलिमीटर उंच असते आणि पातळ पट्टी ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक बसवल्या की एक वीट होते. या हिशोबामुळे एका बाजूला पट्टी-पट्टीने चढणारा किनारा आणि दुसऱ्या बाजूला सरळ तुटलेला कडा, दोन्ही थोडक्या तुकड्यांत उभे राहतात. कड्याचा वरचा खडक बिजागरीवर उघडतो आणि खाली पेटी असते. माडाचं खोड एकावर एक बसणाऱ्या वेढ्यांचं आहे, त्यामुळे ते जरासं कलतंसुद्धा घेता येतं. मुलीने ते समुद्राच्या बाजूला कलवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण किनाऱ्यावरचे माड कलतात ते तिकडेच.

आता मुख्य मुद्दा. होडी लागावी अशी जागा या बेटाला एकच आहे, आणि ती तोफेच्या बरोब्बर समोर आहे. कड्याच्या बाजूने चढावं तर पाण्यात शार्क. म्हणजे पेटीपर्यंत पोचायचं असेल तर काहीतरी युक्ती लढवावी लागते, आणि ती कुठल्याही पानावर छापलेली नाही. सेट तयार करणाऱ्याने भांडण बेटाच्या रचनेतच रचून ठेवलं आहे. लहान सेट निवडताना मी हेच पाहते. कुणालातरी हवी अशी एक वस्तू, ती हवी असलेली निदान दोन माणसं, आणि वाटेत एक अडचण. हे तीन असतील तर चाळीस तुकडे पुरतात. नसतील तर चारशे तुकड्यांचं जहाजही जोडून झालं की फळीवर जाऊन बसतं.

दुसरी गंमत हातांची. चाच्याला हात दोनच आणि सामान मात्र वल्हं, तलवार, दुर्बीण. तिन्हींच्या दांड्या साधारण ३.२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणून तिन्ही त्याच मुठीत बसतात, पण एका वेळी दोनच. वल्हवायचं तर तलवार खाली ठेवायला लागते. मुलगी यावर बराच वेळ विचार करत बसली आणि शेवटी तलवार होडीच्या तळाशी ठेवून त्याला किनाऱ्यावर आणलं. ‘आई, तो उतरेपर्यंत शिपायाने थांबायला पाहिजे, नाहीतर ते फेअर नाही.’ युद्धाचे नियम असे जमिनीवर पालथं पडून ठरत होते.

या माणसांच्या चेहऱ्यांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण चाच्यांनी या खेळात आणलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. हात-पाय हलणारा आजचा लेगोचा माणूस १९७८ साली आला. त्यानंतर दहा-अकरा वर्षं सगळ्यांचा चेहरा एकच होता. दोन काळे ठिपके आणि हसरी रेघ. पोलीस तोच, सरदार तोच, अंतराळवीरही तोच. टोपी बदलली की व्यवसाय बदलला. १९८९ मध्ये चाच्यांची मालिका आली आणि पहिल्यांदाच चेहरे वेगळे झाले. कुणाला दाढीचे खुंट, कुणाला मिशा, कुणाच्या एका डोळ्यावर पट्टी. एकाचा हात जाऊन तिथे आकडा आला, एकाचा पाय जाऊन लाकडी खुंटा आला. माकड, पोपट, शार्क हेही याच मालिकेबरोबर आले.

वरवर पाहिलं तर हा छपाईतला बदल, पण त्याने खेळाची चालच बदलली. हसरा चेहरा कुठल्याही प्रसंगात चालतो आणि म्हणूनच त्याच्यामागे काही घडलेलं दिसत नाही. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला मात्र मूल पहिला प्रश्न विचारतं, ‘डोळा कसा गेला?’ गोष्ट खोकं उघडण्याच्या आधीच सुरू झालेली असते. ठिपके-रेघेच्या चेहऱ्यावर प्रेम असलेली मंडळी इथे खूप आहेत. त्यांचं म्हणणं, कोरा चेहरा मुलाला जास्त मोकळीक देतो. मला ते पटत नाही. माझ्या घरात तरी जखमा आणि मिशाच बोलत्या झाल्या.

अलीकडच्या बऱ्याच माणसांच्या डोक्यावर पुढे एक आणि मागे एक असे दोन चेहरे छापलेले असतात. आमचा शिपाई पुढून करारी आहे. टोपी काढून डोकं फिरवलं की त्याचे डोळे विस्फारतात आणि दात दिसतात. शार्क पहिल्यांदा बेटाला धडकला तेव्हा मुलीने मोठ्या गांभीर्याने त्याचं डोकं फिरवलं. ‘आता हा म्हणतोय, मला घरी जाऊ दे.’ त्यानंतर बराच वेळ तो घाबरलेलाच राहिला. त्या एवढ्याशा सोयीमुळे शिपाई शत्रू न राहता माणूस झाला.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो मराठी घरात जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. ‘यातला चांगला कोण?’ कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचे होते आणि आपल्या लेखी मराठा आरमाराचे सरखेल. आपला परवाना घेतल्याशिवाय जाणारी गलबतं ते अडवत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी किल्ला हाती लागला नाही. तेव्हा निळा डगला चांगला आणि पट्टेरी सदरा वाईट, असं मी तिला सांगू शकले नाही. सुदैवाने खेळही तसं सांगत नाही. १९८९ चे ते निळे शिपाई, १९९२ मध्ये आलेले लाल डगल्याचे शिपाई, कुणाच्याही निशाणावर खरा देश नाही. मी तिला म्हटलं, दोघांनाही विचार, पेटी का हवी आहे. उत्तरं तिने दिली आणि ती दर दोन दिवसांनी बदलतात.

तोफेविषयी. लेगोने आधुनिक युद्धाची खेळणी कटाक्षाने टाळली आहेत. आजचे रणगाडे, आजचे सैनिक त्यांच्या खोक्यांत मिळत नाहीत. चाच्यांच्या मालिकेत मात्र चकमकीच्या जुन्या बंदुका आणि पिस्तुलं आली. काळ इतका मागचा की तो गोष्टीतला वाटावा, हा त्यामागचा विचार असणार. पहिल्या मालिकेतल्या तोफांना स्प्रिंग होती आणि छोटा गोल तुकडा त्यांतून खरोखर उडायचा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या खोक्यांत तीच तोफ न उडणारी असे. आमच्या सेटमधली तोफ बोटाने ढकलायची आहे आणि लहान मुलांच्या घरात मला तेच बरं वाटतं. आवाज काढायला पोरगी समर्थ आहे.

उणीवा आहेत. होडी म्हणजे एकच ओतीव तुकडा, तिथे जोडण्यासारखं काही नाही. बेटाची मागची बाजू उघडी आहे. लहान सेटांत असं बरेचदा असतं, पण चारी बाजूंनी बसून खेळणाऱ्या मुलांना ते खटकतं. सोन्याची नाणी इतकी बारीक की सतरंजीवर सांडली तर सापडणं कठीण. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर हा सेट नकोच. आणि दोन माणसं म्हणजे कमीत कमी. तिसरं कुणीतरी असतं, एखादी खलाशीण किंवा बेटावर अडकलेला म्हातारा, तर खेळात फितुरी आली असती. दोघांत फितुरी होत नाही.

त्या तिसऱ्याची सोय इथल्या एका सहकाऱ्याने केली. त्याने लहानपणीचा आपला चाचा मुलीला दिला, १९८९ च्या आसपासचा. दाढीची छपाई झिजून फिकी झाली आहे, टोपीच्या कडा पांढुरक्या पडल्यात. नव्या बेटावर तो टक्क करून बसला. वरच्या गुंड्या आणि आतल्या नळ्या अशी विटा धरून ठेवायची रचना बिलुंडच्या या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. हे मी वाचलेलं होतं. पण एका डॅनिश माणसाच्या बालपणातला चाचा माझ्या मुलीच्या बेटावर उभा राहिलेला पाहिला, तेव्हा त्या मापांच्या काटेकोरपणाबद्दल मनापासून आदर वाटला.

बिलुंड हे खरं तर छोटंसं गाव. ओले किर्क क्रिस्तियान्सन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये तिथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आज तिथे १९६८ पासूनचं लेगोलँड आहे, त्यात चाच्यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१७ मध्ये उघडलेलं लेगो हाउस आहे. प्रचंड विटा एकमेकींवर रचाव्यात तशी इमारत, वास्तुरचनाकार बियार्के इंगल्स यांच्या संस्थेने आखलेली. मुलांना पाळण्यांपाशी रमू द्या आणि लेगो हाउसच्या तळघरात जा. तिथे कंपनीचा इतिहास मांडला आहे. एरवी कमी बोलणारी डॅनिश माणसं तिथे काचेवर बोट ठेवून ‘हा माझ्याकडे होता’ म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलू लागतात.

मोठे सेट वाईट आहेत असं अजिबात नाही. २०२० मध्ये आलेला बाराकुडा बे २५४५ तुकड्यांचा आहे. १९८९ चं पहिलं मोठं जहाज फुटून त्याचं बेट झालंय अशी कल्पना, आणि तुकडे पुन्हा जुळवले की परत जहाज. जुन्या आठवणी असलेल्या मोठ्या माणसासाठी ही अप्रतिम भेट आहे. २०२३ मध्ये एल्डोराडो किल्लाही असाच नव्याने आला. पण ज्याला अजून आठवणी नाहीत, त्याला त्या तयार करायला लहान सेट द्यावा. तो एका बैठकीत जोडून होतो, मोडायची भीती वाटत नाही, आणि मोडल्यावर दुसरं काहीतरी होतं. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी काढलेला आकडा प्रसिद्ध आहे. दोन बाय चारच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. शंभर तुकडे कमी आहेत असं कुणी म्हणालं की मी हा आकडा सांगते.

आमचं बेट आतापर्यंत गुहा झालं आहे, बंदर झालं आहे, एकदा शार्कचं घरही झालं. ‘आई, शार्क रोज बाहेरच झोपतो’ हे त्यामागचं कारण. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि संध्याकाळ संपता संपत नाही. त्या काळात या एवढ्याशा सेटने घराला जे दिलं, ते मोठ्या खोक्यातल्या जहाजाने दिलं असतं असं मला वाटत नाही.

दोन सेट घेण्याइतकी सवड असेल तर एकच मोठा न घेता वेगवेगळे दोन लहान घ्या, शक्यतो एक चाच्यांच्या बाजूचा आणि एक शिपायांच्या. सामानात नेताना खोकं उघडून पिशव्या कपड्यांत ठेवा, जागा अर्धी होते. पुस्तिका हरवली तर काळजी नको. सेटचा क्रमांक लिहून ठेवा, लेगोच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने पुस्तिका फुकट उतरवता येते.