दादऱ्यातली चौथी मात्रा

मी चर्चमध्ये ड्रमसेट वाजवतो. मागच्या रविवारी दादऱ्यातल्या, म्हणजे सहा मात्रांच्या तालातल्या, एका पदाच्या तिसऱ्या कडव्याला मंडळी दुभंगली. मधला पीस (नुसत्या वाद्यांचा भाग) संपला, मी छोटा फिल (ड्रमवरचा भरणीचा तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलो, पुढच्या चार बाकांनी पद बरोबर उचललं आणि मागचं अर्धं चर्च तीन मात्रा आधीच निघून गेलं. एका छताखाली तेच पद दोन ठिकाणी चाललं होतं. शेवटी ढोलकवाल्या मामांनी एक आवर्तन हात थांबवला, मग खणखणीत सम दिली, तेव्हा कुठे सगळे एकत्र आले. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना सलाम करायलाही मी लगेच पुढे गेलो नाही, इतकं ते लागलं होतं.

आधीच्या तीन नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी हे सगळं घुमण्यावर ढकललं होतं. आमचं चर्च दगडी, छत उंच, आणि सेटपासून शेवटचा बाक साधारण चोवीस मीटरवर. आवाजाला तिथं पोचायला ७० मिलिसेकंद, तिथल्या लोकांचं गाणं माझ्यापर्यंत यायला आणखी ७०. दादरा मी क्लिकवर (मेट्रोनोमवर) मिनिटाला ५८ ला धरतो, दर ठोक्याला तीन मात्रा, म्हणजे एक मात्रा झाली ३४५ मिलिसेकंदांची. मागच्यांचं गाणं मला जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा ऐकू येणार, हे गणित बरोबरच आहे. म्हणून स्नेअरवर (सेटमधल्या टोकदार आवाजाच्या ड्रमवर) टॉवेल टाकला, आवाज दाबणारं चिकट मूनजेल लावलं (धूळ बसून सुटायला लागलं की पाण्यानं धुवा, परत चिकटतं, नवीन घ्यायची घाई नको), फाइव्ह-ए काठ्या सोडून त्याहून बारीक सेव्हन-ए घेतल्या, मग रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या). ऑनलाइन मागवलेले बांबूचे रॉड्स दोन रविवारांत पिंजून निघाले, त्यांचे पैसे पाण्यात गेले. प्रोमार्कचे हॉट रॉड्स महाग वाटतात, पण त्यातल्या एकोणीस बर्च काड्या अजून जागच्या हललेल्या नाहीत. रॉड्स घेणार असाल तर एकदाच नीट घ्या.

एवढं करून आवाज कमी झाला, एका आजींची आवाजाची तक्रार थांबली. पण तिसरं कडवं सुटायचं ते सुटतच राहिलं.

बुधवारी प्रार्थनासभेनंतर मामांना थांबवलं. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दोघांनी ऐकलं. मामांनी ते दोनदा ऐकलं, मग ढोलक मांडीवर घेतला आणि तोंडानं म्हणत वाजवला : धा धी ना, ता ती ना. मला म्हणाले, "आता तू तुझं वाजव." मी नेहमीचा सिक्स-एट, म्हणजे सहाच्या मोजणीचा पाश्चात्त्य ठेका, लावला. हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) सहाही मात्रा, पहिल्यावर किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), चौथ्यावर स्नेअर. चार आवर्तनं झाल्यावर त्यांनी माझा डावा हात मनगटाशी धरून थांबवला. "पोरा, चौथी खाली आहे, बिनजोराची. तिथं डग्गा उचलायचा, म्हणजे गप्प ठेवायचा असतो. तू तिथंच सगळ्यात जोरात हाणतोस. मागच्या माणसाला सम कुठली वाटणार?"

मी गप्पच झालो. दोन वर्षं मी हे पद वाजवतोय. रेव्हरंड ना. वा. टिळकांची आणि त्या घडणीची पदं टाळ, ढोलक, पेटीवर भजनासारखी म्हणायची म्हणूनच रचलेली आहेत. आमची मंडळी ती लहानपणापासून टाळी देत म्हणते आणि टाळी समेवर देते. पुढच्या बाकांना किक ऐकू येते. मागं किक दगडांत विरघळते आणि पोचते ती फक्त स्नेअरची टोकदार थाप. कडव्यात शब्दांचा आधार असतो, पण पीस लांबला की शब्द नसतात. मागचे माझ्या स्नेअरला सम धरतात आणि बरोबर तीन मात्रा आधी उचलतात. चूक त्यांची नव्हतीच. ते इमानदारीनं ऐकत होते आणि मी त्यांना चुकीची जागा दाखवत होतो. घुमण्यानं फक्त किक गिळली, बाकी सगळं माझ्या हातानं झालं.

मग आम्ही दोघांनी रात्री साडेनऊपर्यंत ठेका बसवला. किक पहिल्यावर, आणि तिथं हाय-हॅटलाही थोडं वजन. दुसऱ्याच्या 'धी'ला फ्लोअर टॉमवर (खर्जाच्या मोठ्या ड्रमवर) बोटाएवढा स्पर्श. तिसऱ्या आणि सहाव्यावर क्रॉस-स्टिक, कारण तिथं ढोलकाचा 'ना' पडतो आणि कडेवरच्या काठीचा तो कोरडा आवाज 'ना'ला बरोबर चिकटतो. चौथ्यावर काठी नाही. फक्त डाव्या पायानं हाय-हॅट बंद, चिक्. डावा हात सवयीनं खाली यायचा, तेव्हा मामा नुसते बघायचे.

काल उपासनेत तेच पद होतं. पीस मी मुद्दाम लांबवायला सांगितला होता, चार आवर्तनांचा आठ. फिल मारलाच नाही. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या आजींवर माझी नजर होती. मांडीवर उघडं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, कव्हर वर्तमानपत्राचं, आणि डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं पडत होती. प्रत्येक वेळी माझ्या किकवर. आठव्या आवर्तनानंतर सगळं चर्च एका श्वासात तिसऱ्या कडव्यावर आलं. मला हुंदका आवरावा लागला, खोटं कशाला सांगू.

कालच्या रेकॉर्डिंगमध्ये अजून एक आहे. वेगाची सुरुवात ५८ ला, शेवट ६१ ला. तीन वाढलेत, पूर्वी सात-आठ वाढायचे. म्हणून वेग धरून ठेवायला या महिन्यात गॅप क्लिक करणार होतो, चार बार क्लिक, चार बार शांतता.

पण हे लिहिता लिहिता केरवा ताल आठवला आणि आता तेच आधी बघावं लागणार. आठ मात्रा, खाली पाचव्यावर. साधा फोर-फोर वाजवला तर स्नेअर तिसऱ्या आणि सातव्यावर पडते, ते चालतं. पण प्रभुभोजनाच्या वेळची संथ गीतं मी हाफ-टाइममध्ये (स्नेअर निम्म्याच वेळा) वाजवतो आणि तिथं एकुलती एक स्नेअर पडते ती नेमकी पाचव्यावर! ती गीतं जड होतात, मंडळी ओढत म्हणते, अशी तक्रार गायनवृंदाकडून कितीदा आली आहे. मी वेग वाढवून पाहिला होता, जागा कधी तपासलीच नाही. जुनी रेकॉर्डिंग काढून आज रात्रीच ऐकतो. तसं निघालं तर लो-व्हॉल्यूम झांजांसाठी साठवलेले पैसे तूर्त तसेच राहतील. धोबी तलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन आधी एक चांगली ब्रशची जोडी हातात धरून बघेन, पाचव्याला नुसती घासणी ठेवता येते का यासाठी.

कुणी दीपचंदी सेटवर बसवली असेल तर खाली कशानं दाखवता ते सांगा. चौदा मात्रांत मला अजून आठव्याशी चाचपडायला होतं.

शनिवारच्या सरावाला मामा अर्धा तास आधी येणार आहेत. काठ्या पिशवीतच ठेव म्हणाले, आधी टाळी देत दहा पदं म्हणायची.