फूल नसलेलं शोभेचं झाड

‘फूल ना वास, मग हे शोभेचं झाड कसलं?’ माझ्याकडचा जपानी हॉर्नबीम या झाडाचा फोटो पाहून हा प्रश्न हमखास येतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

फुलं येतात, पण ती दाखवण्यासाठी नसतात. नर आणि मादी तुरे वेगवेगळे, पण एकाच झाडावर, वसंतात नव्या पालवीबरोबर. परागण वारा करतो, त्यामुळे कीटकांना भुलवायचा खटाटोप झाडाला करावाच लागत नाही.

खरी शोभा पानात आहे. पान लांबट, टोकदार, कडा बारीक दातेरी. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना उपशिरांच्या 20 ते 24 जोड्या, सगळ्या समांतर आणि खोल रुतलेल्या. बोट फिरवलं की चुण्या घातलेल्या कापडावरून फिरल्यासारखं वाटतं. कळीत पान या शिरांवरच घडी घालून बसलेलं असतं, आणि उलगडल्यावरही घडीची खूण जात नाही. युरोपातल्या हॉर्नबीमला अशा जोड्या साधारण 10 ते 15. ओळख पटत नसेल तर सरळ मोजाव्यात, मी मोजतो.

मग फळांचे घोस. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स वेलीच्या तुऱ्यांसारखे, खवल्यांवर खवले चढलेले, हिरवे आणि नंतर तपकिरी होणारे. एक वाळलेला घोस मी जपून ठेवलाय. त्यातलं एक खवलं उचकटलं की आत बुडाशी इवलंसं कठीण फळ दिसतं, आणि खवल्याचाच एक लहानसा पदर त्याच्यावर दुमडलेला. युरोपीय भाईबंदाचं खवलं तीन पाळ्यांचं आणि उघडं असतं, फळ झाकायच्या भानगडीत ते पडत नाही.

जपानीत या झाडाला ‘कुमाशिदे’ म्हणतात. ‘कुमा’ म्हणजे अस्वल. ‘शिदे’ म्हणजे जपानमधल्या शिंतो धर्माच्या देवळांतल्या दोरांना लटकवतात त्या नागमोडी घडीच्या पांढऱ्या कागदी पट्ट्या. लोंबते घोस पाहिले की ‘शिदे’ लगेच पटतं. अस्वल मात्र मला अजून त्यात सापडलेलं नाही. इंग्रजी नावातला ‘बीम’ही तुळई नव्हे, तो झाडासाठीचा जुना शब्द, आणि ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. लाकूड तसंच कठीण.

शरद ऋतूत मेपलसारखा लालभडक थाट मात्र मागू नका. पानं पिवळट होतात आणि गळतात. त्यानंतर उरतं ते करडं खोड, पण तोवर पाहणाऱ्यांची पाठ फिरलेली असते.